जमिनीतून आलेलं, पण खाली पाकळ्यांऐवजी भोकं असलेलं हे अळंबं कोणतं?

मुलुंडची_मुक्ता | ९ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यालगत, गेल्या आठवड्यातल्या पावसानंतर जमिनीतून काहीतरी वर आलंय. सोमवारी सकाळी दूध आणायला उतरले तेव्हा मातीला तडा गेला होता आणि त्यातून एक तपकिरी टक्कल डोकावत होतं. आज बुधवार. संध्याकाळी आईची शिवणाची टेप घेऊन गेले. टोप २३ सेंमी रुंद, देठ ११ सेंमी उंच आणि माझ्या मनगटाहून जाड, खाली बुंध्याशी फुगलेला. टोपावरून हात फिरवला तर जुन्या मखमली बटव्यासारखं लागतं.

खरी गंमत खाली आहे. वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. अळंब्याला असतात तशा पाकळ्या नाहीतच! त्याऐवजी पिवळट शेवाळी रंगाची बारीक बारीक भोकं, अंग घासायच्या स्पंजासारखी. नखाने जरा दाबलं तिथे आधी फिकट निळसर झालं आणि पाचेक मिनिटांत तपकिरी.

झाडाच्या खोडावर फळीसारख्या येतात त्या बुरशींना भोकं असतात एवढं माहीत होतं. पण जमिनीतून आलेलं, मऊ, देठाचं आणि खाली भोकं? हे अळंबंच का? विषारी आहे का? आमचे वॉचमनकाका फावडं घेऊन तयार आहेत. पोरं खेळतात म्हणून काढून टाका असं कमिटीतलेही म्हणतायत. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतलीय. फोटो खाली चिकटवलेत.

दादरकर_बंड्या

पहिला फोटो बघून वाटलं इराण्याकडचा ब्रून पाव कुणीतरी मातीत ठेवलाय. वरचा रंग, फुगवटा, सगळं तेच! बाकी काही माहिती नाही, पण धागा वाचतोय.

शितू_वसई

फोटो दिसत नाहीयेत.

मुलुंडची_मुक्ता

परत चढवले, बघा आता.

शितू_वसई

दिसले. बाप रे, केवढं आहे! आमच्याकडे कुत्र्याच्या छत्र्या येतात त्या बोटभर.

राजू_शहापूर

मुक्ताताई, आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वारुळावर सात्या येतात. लहानपणी आजीबरोबर पहाटे जायचो. दुसऱ्या कुणाला जागा सांगायची नाही असा दंडकच होता. सात्याच्या खाली पाकळ्या असतात आणि देठ मातीत खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो, निमुळता होत. हे तुमचं भोकाचं आम्ही कधी घरात आणलेलं नाही. आजी त्याला हात लावू द्यायची नाही. विषारी म्हणून नव्हे, तर ‘आपल्या वळखीचं नाही’ म्हणून.

सुगरण_सुलू

राजूदादा, सात्यांचं नाव काढलंत आणि तोंडाला पाणी सुटलं. पळसाच्या पानात बांधून आणायचे विकायला. कांदा, हळद, ओलं खोबरं, बस.

मुक्ता, ओळखायची एक जुनी रीत सांगते. शिजवताना चांदीचा चमचा घालायचा. काळा पडला तर विषारी. लसणाची पाकळी घातली तरी कळतं.

डॉ_मेधा_पार्ले

सुलूताई, तुमच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल आदर ठेवूनच सांगते: चांदीचा चमचा आणि लसूण या दोन्ही गोष्टींवर कृपया कुणीही विसंबू नका. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. अळंब्यातल्या सगळ्यात घातक विषांचा चांदीशी काही संबंध नाही. ‘किडे खातात म्हणजे आपल्यालाही चालतं’, ‘सोलता येतं म्हणजे चांगलं’, ‘उकळून पाणी टाकलं की विष जातं’, हे सगळं तितकंच खोटं. अमॅनिटा नावाच्या अळंब्यांतलं अमाटॉक्सिन हे विष उकळून जात नाही. वर त्याचा त्रास खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणसाला बरं वाटायला लागतं आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. ड्युटीवर असताना मी हे एकदा पाहिलंय. दोन सख्खे भाऊ होते. ती रात्र अजून आठवते.

हे विष पाकळ्यांच्या अळंब्यांतलं, मुक्ताचं अळंबं वेगळं दिसतंय हे मान्य. पण चमच्याची गोष्ट इथे वाचून उद्या कुणी करून बघेल, म्हणून लगेच लिहिलं.

एक महत्त्वाचं: नुसता हात लावल्याने, उचलल्याने, वास घेतल्याने विषबाधा होत नाही. पोरांना ‘तोंडात घालायचं नाही, हात धुवायचे’ एवढं सांगितलं की पुरे. फावड्याची गरज नाही.

सुगरण_सुलू

मेधाताई, बरं झालं सांगितलंत. माझ्या सासूबाई सांगायच्या म्हणून मी तीस वर्षं तेच धरून बसले होते. आता सुनेलाही सांगते.

हिरवळ_काका | १० जुलै, सकाळी ६.३५

मुक्ता, सकाळी चहा घेता घेता तुझे फोटो पाहिले आणि चहा निवला. बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातला मोठा काळ बुरशीत गेला. जरा सविस्तर लिहितो.

हे अळंबंच. अळंबं म्हणजे मातीतल्या बुरशीचं फळ. झाड खाली असतं, धाग्यांच्या जाळ्यासारखं, आणि पावसात बीजाणू सोडायला ते फळ वर काढतं. बीजाणूंसाठी जास्तीत जास्त भिंत कशी मिळवायची हा सगळ्या अळंब्यांपुढचा प्रश्न. कुणी त्यासाठी पाकळ्या केल्या, कुणी दात केले, कुणी नळ्या केल्या. तुला दिसली ती भोकं म्हणजे त्या नळ्यांची तोंडं. टोपाच्या मांसाला हजारो उभ्या नळ्या एकमेकींना चिकटून लटकल्यात अशी कल्पना कर. प्रत्येक नळीच्या आतल्या भिंतीवर बीजाणू तयार होतात.

आता मौज बघ. बीजाणू भिंतीपासून सुटताना टिचकी मारल्यासारखा उडतो. पण नळीच्या अर्ध्या रुंदीच्या आतच त्याला थांबावं लागतं, नाहीतर समोरच्या भिंतीला चिकटला. तो हवेत अडून थांबतो आणि मग सरळ खाली पडतो. ही नळी कुठे मिलिमीटरभर रुंद, कुठे त्याहून कमी! म्हणून नळ्या अगदी ओळंब्यात उभ्या हव्यात. टोप जरा कलला की देठ वाकून तो पुन्हा सपाट करतो. विटेवर वाढलेलं एखादं अळंबं मान वळवून बसलेलं दिसतं ते यामुळेच.

जमिनीतून येणारी, मांसल, देठाची आणि खाली नळ्या असलेली अळंबी म्हणजे साधारणपणे बोलेट गट. पण ‘साधारणपणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. मला आणखी तीन गोष्टी हव्यात:

कडेचा चण्याएवढा तुकडा काप आणि अंगठ्याने नळ्यांचा थर मांसापासून ढकलून बघ, सुटतो का. मग एक रात्र टोपाचा तुकडा कागदावर ठेवून बीजाणूंचा ठसा घे. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा, वर काचेचा वाडगा उपडा. आणि सांग, शेजारी झाड कोणतं आहे?

गोरेगावचा_गण्या

काका, मी रोज आरेत चालायला जातो. गुलमोहराच्या बुंध्याशी जमिनीतूनच आलेलं, खाली भोकं असलेलं असंच एक बघितलंय. वर चकचकीत, वार्निश मारल्यासारखं, तांबूस. तेच का हे?

हिरवळ_काका

गणेशराव, ते गॅनोडर्मा. जमिनीतून आल्यासारखं वाटतं, पण माती उकरलीत तर खाली गुलमोहराचं मूळ सापडेल आणि हे महाशय त्यावर बसलेले असतील. त्याची भोकं खरी आहेत, पण अंग लाकडासारखं. वाळल्यावर ठोकलं तर टक् टक् वाजेल, महिनोन्महिने टिकेल. नळ्या मांसाला घट्ट जोडलेल्या, अंगठ्याने सुटायच्या नाहीत. बोलेट मऊ, पाणीदार, आठवड्याभरात सडून जातो. जिथे गॅनोडर्मा दिसेल तिथलं झाड आतून पोखरलं जात असण्याची दाट शक्यता. त्याच्याखाली पावसात गाडी लावू नका.

आणखी एक तिसरा गट आहे, कोल्ट्रिशिया. तोही जमिनीवर, देठाचा, भोकांचा. पण पातळ, चिवट, दालचिनी रंगाचा आणि टोपावर गोल गोल पट्टे. तेव्हा जमीन अधिक भोकं म्हणजे बोलेट, हे गणित दर वेळी सुटत नाही.

गोरेगावचा_गण्या

गाडीचं काय सांगता! मी नेमका तिथेच लावतो. उद्यापासून बंद.

अमोल_अक्षरवेडा

नावाची गोष्ट सांगतो. १७५३ साली वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने ‘बोलेटस’ हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव वापरलं, तेव्हा त्यात भोकं दिसतील ती सगळी बुरशी कोंबली होती, झाडावरची काय आणि जमिनीवरची काय. वर काकांनी आणि गणेशरावांनी जो घोळ निस्तरला तो घोळ मुळात लिनियसचाच! पुढे एकेक गट बाहेर पडत गेला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डीएनएचा अभ्यास आला आणि राहिलेल्या बोलेटसचेही कितीतरी तुकडे झाले. युरोपात सैतानाचं बोलेट म्हणून जे विषारी अळंबं प्रसिद्ध आहे तेही आता बोलेटस राहिलं नाही, रुब्रोबोलेटस झालं.

आणि रोमन लोक ज्याला बोलेटस म्हणत ते तर पाकळ्यांचं अळंबं होतं, अमॅनिटा सिझेरिया. सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये ज्या अळंब्यांनी मेला असं जुने इतिहासकार सांगतात, तीही बोलेटीच (बोलेटसचं अनेकवचन). शब्द एका घरातून दुसऱ्या घरात गेला आणि तिथलाच झाला.

दादरकर_बंड्या

म्हणजे आमच्या चाळीतल्या खोल्यांसारखं. नाव जोशींचं, राहतात सावंत.

निळू_नालासोपारा

मुक्ताताईंनी लिहिलंय की दाबल्यावर निळं झालं. निळं होणं म्हणजे विष असं मी ऐकलं होतं. ते तरी खरं का?

पवईची_पल्लवी

तेही नाही. निळा रंग येतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे. या अळंब्यांच्या मांसात पिवळट रंगद्रव्यं असतात, व्हेरिएगॅटिक आम्ल हे त्यातलं एक. पेशी चिरडल्या की विकरं (एन्झाइम) आणि हवा एकत्र येतात आणि काही सेकंदांत तेच द्रव्य निळं होतं. सफरचंद कापल्यावर तांबूस होतं त्याच जातीचा प्रकार. निळी होणारी काही अळंबी खाल्ली जातात, काही विषारी आहेत, आणि न होणाऱ्यांतही दोन्ही प्रकार. निळ्यावरून कुणाची निवड किंवा नावड ठरवता येत नाही.

मी एका कॉलेजात शिकवते, सूक्ष्मदर्शक हाताशी आहे. मुक्ता, ठसा घेतलास की मला दे. मुलुंडला माझी मावशी राहते, येईनच.

फिरस्ता_फणसवाडी

निळ्यावरून आठवलं. कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं चीनच्या युनान प्रांतात, कुनमिंगला होतो. पावसाळ्यात अख्ख्या शहराला अळंब्याचं वेड लागतं. बोलेटना तिथे ‘न्यू गान जुन’ म्हणतात, म्हणजे बैलाच्या काळजाचं, यकृताचं अळंबं. आडवं कापलं की खरंच काळजाच्या फोडीसारखं दिसतं. हात लागताच निळं पडणारं एक आहे, ‘जियान शौ छिंग’. त्यातलंच लॅनमाओआ एशियाटिका नीट शिजलं नाही तर माणसाला इवली इवली माणसं दिसायला लागतात! टेबलावर, भिंतीवर, ताटाच्या कडेला. तिथले लोक हे अगदी सर्दी-पडशासारखं सांगतात. २०२३ साली अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन बीजिंगला आल्या तेव्हा एका युनानी हॉटेलात त्यांनी हेच अळंबं खाल्लं. नीट शिजवलेलं होतं, काही झालं नाही. पण नंतर त्या हॉटेलात ही गर्दी!

मुक्ताताईंचा फोटो बघून मात्र मला तिथलं दुसरंच आठवतंय. काळं बोलेट. बाजारात ढीग लागायचे, आणि ते लोक म्हणायचे की हे जंगलातलं नाही, लागवडीचं.

पवईची_पल्लवी

लागवडीचं बोलेट? सहसा शक्य नाही. बोलेट जिवंत झाडाच्या मुळाशी संसार मांडतात. मुळांवर बुरशीचं मोज्यासारखं आवरण चढतं, बुरशी झाडाला पाणी आणि क्षार देते, झाड तिला साखर देतं. मध्य भारतातल्या सालाच्या जंगलात किंवा युरोपात पाइन आणि ओकखाली म्हणूनच ती मिळतात. पोर्चिनी हे खाण्याचं बोलेट एवढं महाग असून आजवर शेतात पिकवता आलेलं नाही, कारण झाडावाचून ते फळ धरत नाही.

आणि म्हणूनच मला मुक्ताच्या फोटोचं कोडं पडलंय. मुंबईत साल नाही, पाइन नाही. आंबा, वड, पिंपळ यांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशी वेगळ्या. त्या मुळाच्या आत राहतात आणि असलं अळंबं काढत नाहीत. मग मुलुंडच्या कंपाउंडमध्ये हे कुणाच्या जिवावर आलं?

हिरवळ_काका

पल्लवी, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंस. म्हणूनच मी झाड विचारलं होतं. मुक्ता, आहेस का?

ताईसाहेब_ठाणे

अळंब्याचं माहीत नाही, पण आमच्या येऊरच्या जंगलात यंदा पाऊस चांगला झालाय. कुणी रविवारी फिरायला येणार असेल तर सांगा. डबा माझा.

दादरकर_बंड्या

डब्यात काय आहे त्यावर अवलंबून.

ताईसाहेब_ठाणे

वालाचं बिरडं.

दादरकर_बंड्या

आलोच.

मुलुंडची_मुक्ता | ११ जुलै, रात्री ९.०५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. ऑफिसातून येतायेता लोकल रखडली. आधी काकांची उत्तरं.

नळ्या: सुटतात! अंगठा लावला तर मोसंबीची साल निघावी तसा तो पिवळा थर मांसावरून घसरून आला. मांस पिवळसर, अगदी मंद निळं झालं, मग परत मळकट. देठ भरीव. देठावर जाळी-बिळी काही नाही.

ठसा: कालच्या रात्री घेतला. पंखा बंद ठेवला, आई वैतागली. सकाळी वाडगा उचलला तर कागदावर टोपाच्या कडेची अर्धचंद्रासारखी नक्षी उमटली होती आणि त्यात नळ्यांचे ठिपके वेगवेगळे मोजता येतील इतके स्पष्ट. रंग पिकल्या ऑलिव्हसारखा तपकिरी-शेवाळी, वरणात हिंग जास्त झाला की येतो ना, तसा. मी तो कागद बराच वेळ हातात धरून उभी होते. एवढं सुबक काहीतरी आपल्या टाकीच्या कट्ट्याखाली रात्रभर हवेत सुटतंय आणि आपल्याला पत्ता नाही.

झाड: पपनस. बाबांनी लावलेलं, पंचवीस वर्षांचं. गणपतीला त्याचीच पपनसं असतात. शिवाय दहा फुटांवर कण्हेर.

हिरवळ_काका | ११ जुलै, रात्री ९.४०

पपनस! मुक्ता, आता मला राहवत नाही, झोपायच्या आधी लिहितो.

फिरस्तेसाहेबांनी पाहिलेलं काळं बोलेट म्हणजे फ्लेबोपस पोर्टेन्टोसस. १८७३ साली बर्कले आणि ब्रूम या बुरशीतज्ज्ञांनी सिलोनहून (आजच्या श्रीलंकेतून) आलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं, तेव्हा नाव होतं बोलेटस पोर्टेन्टोसस. पोर्टेन्टोसस म्हणजे अचाट. फ्लेबोपस ही प्रजाती सिंगर या बुरशीतज्ज्ञाने १९३६ मध्ये वेगळी मांडली. उष्ण प्रदेशातली बोलेट. त्यांची लक्षणं अशी: टोप मोठा, कोरडा, मखमली, तपकिरी ते काळपट, भोकं बारीक, पिवळी-शेवाळी, देठ ठोकळा, भरीव, तळाशी फुगीर, जाळी नाही, ठसा शेवाळी-तपकिरी. आकाराला तर धरबंधच नाही. यांच्यातलं फ्लेबोपस मार्जिनेटस ऑस्ट्रेलियात पश्चिम व्हिक्टोरियामध्ये २९ किलोचं मिळालेलं आहे. तुमच्या घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं वजन!

आणि पल्लवीच्या कोड्याचं उत्तर याच प्रजातीत आहे. हे बोलेट साल-पाइनवर अडून बसत नाही. याला झाडाशिवायही फळ धरता येतं, म्हणून तर थायलंडमध्ये आणि युनानमध्ये त्याची लागवड साधली. बाहेर मोकळ्यावर ते लिंबाच्या जातीच्या बागांत, कॉफीच्या मळ्यांत येतं. तिथे त्याचा जोडीदार झाड नसून एक किडा आहे. मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण. बुरशी त्या किड्यांभोवती धाग्यांची पोकळ कुपी विणते. किडे आत सुरक्षित राहून मुळाचा रस पितात आणि जो गोड चिकटा बाहेर टाकतात तो बुरशीच्या उपयोगी पडतो.

फोटोवरून नाव चिकटवणं मला पटत नाही. पल्लवी, बीजाणू बघ. खऱ्या बोलेटसचे लांबट, चातीसारखे दोन्ही टोकांना निमुळते, पोर्चिनीचे बारा ते सतरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फ्लेबोपसचे आखूड आणि अंडाकृती असतात. तिथे निकाल लागेल.

निळू_नालासोपारा

पिठ्या ढेकूण म्हणजे तोच ना, ज्याने मुंबईतली पर्जन्यवृक्षाची झाडं मारली? आमच्या आधीच्या घरासमोरची तीन झाडं डोळ्यांदेखत वाळली. फांद्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखं दिसायचं. रस्ता उघडाबोडका झाला. अजून तिथून जाताना वर बघवत नाही.

पवईची_पल्लवी

निळू, कूळ तेच, पण ते फांद्या आणि पानांवरचे, हे मातीतले. त्या झाडांचं दुःख मलाही आहे. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या दोन गेल्या.

राजू_शहापूर

सात्या वाळवीच्या जिवावर, आणि हे ढेकणाच्या जिवावर! आजी असती तर तिला हे सांगितलं असतं.

पवईची_पल्लवी | १४ जुलै, दुपारी ४.२०

मुक्ताकडून ठसा आणला. थेंबभर पाण्यात कालवून बघितला. बीजाणू गुळगुळीत, भिंत जरा जाडसर, रंग मधासारखा. वीस मोजले. लांबी आठच्या आसपास, रुंदी सहाच्या आसपास मायक्रॉन. चातीसारखा एकही नाही, सगळे छोट्या अंड्यांसारखे. टोपाच्या मांसाचा चिमूटभर तुकडाही ठेचून पाहिला. धाग्यांच्या सांध्यांवर कडीसारखे बाक आहेत, त्याला आम्ही क्लॅम्प म्हणतो. फ्लेबोपसमध्ये ते असतात, खऱ्या बोलेटसमध्ये नसतात.

काका, तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय. प्रजाती फ्लेबोपस नक्की. पुढची जात मी एवढ्यावर ठरवणार नाही.

हिरवळ_काका

शाब्बास. हेच हवं होतं.

डॉ_मेधा_पार्ले

अभिनंदन सगळ्यांचं! तरी पुन्हा सांगते, युनानमध्ये खातात म्हणून मुलुंडचं कुणी कढईत घालू नका. टाकीजवळच्या मातीत काय काय मुरलंय कोण जाणे. अळंबी मातीतले जड धातू शोषून साठवतात.

सुगरण_सुलू

मेधाताई, यावेळी मी नाही हं म्हणाले काही.

मुलुंडची_मुक्ता | १६ जुलै, रात्री ११.३०

दोन बातम्या.

पहिली वाईट. मोठं अळंबं गेलं. शनिवारी टोपावर पांढरी लव धरली, काल ती सोनेरी पिवळी झाली. हळदीची पूड शिंपडल्यासारखी, हाताला लागते. आत मऊ लिबलिबीत. वॉचमनकाका म्हणाले, बघा, सांगत होतो. मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी बातमी. काका, तुम्ही मुळांवरच्या किड्यांचं सांगितलंत म्हणून त्याच्या बुंध्याजवळची माती मी आईच्या खुरप्याने बोटभर उकरली, अगदी हळू. पपनसाच्या एका पेन्सिलीएवढ्या मुळावर काळपट तपकिरी गाठ होती, शेंगदाण्याएवढी, खडबडीत. नखाने फोडली तर आत पोकळ, आणि पोकळीत पीठ लावल्यासारखे दोन पांढरे किडे. एक हलत होता. मी गाठ परत मिटवली, माती ओढली आणि तिथेच बसून राहिले. फोटो जरा हललाय, हात थरथरत होता.

हिरवळ_काका

मुक्ता, हे सगळं मी पुस्तकात वाचलंय, वर्गात शिकवलंय, पण स्वतःच्या डोळ्यांनी कधी बघितलं नाही. तू बघितलंस. हललेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला.

पिवळ्या पुडीचं दुःख करू नकोस. ती हायपोमायसेस क्रायसोस्पर्मस असावी, बोलेटवरच जगणारी दुसरी बुरशी. आधी पांढरी, मग सोनेरी. तिनेही एक प्रकारे तुला सांगितलंच की हे बोलेट आहे. मातीतलं जाळं जिवंत आहे. फळ गेलं, झाड आहे. बागेत कीटकनाशक मात्र कुणाला मारू देऊ नकोस.

मुलुंडची_मुक्ता

कमिटीशी बोलले. कीटकनाशकवाल्याला त्या कोपऱ्यात जायचं नाही असं नोटीस बोर्डावर लिहून लावलंय. ठशाचा कागदही फ्रेम करून खाली जिन्यात टांगलाय, तळमजल्याच्या आजी रोज चष्मा लावून बघतात.

आज संध्याकाळी पोरांनी हाक मारली म्हणून गेले. कट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, पपनसाच्या त्याच अंगाला, मातीला ताजा तडा गेलाय. चार बोटं लांब. वॉचमनकाकांनी कुणी न सांगता भोवती तीन विटा लावून ठेवल्यात.

दादरकर_बंड्या

टेप तयार ठेव. रविवारी येऊरहून परतताना मी आणि ताईसाहेब येतो बघायला. बिरडं उरलं तर घेऊन येऊ.